पाऊस लागला आणि प्रवाळ मिटले (रत्नागिरी, २५० लिटर)

खाजणकाठ | २१ जून, रात्री १०:५०

नमस्कार मंडळी. तीन वर्षं इथे वाचनमात्र होतो. आज पहिलाच धागा काढतोय आणि तोही रडगाण्याचा.

रत्नागिरीत राहतो, भाट्याच्या खाडीच्या अंगाला. हॉलमध्ये २५० लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी आहे, खाली सम्प (पाणी गाळणारी दुसरी छोटी टाकी). अडीच वर्षं झाली. प्रवाळ सगळे मऊ जातीचे. थाळीएवढं एक लेदर, हिरवे स्टार पॉलिप, तांबडे-निळे मशरूम आणि झोआंच्या चार वसाहती. पुण्याच्या मित्राने त्याच्या टाकीतले तुकडे काढून दिले होते, तेच वाढवलेत. शिवाय दोन क्लाउनफिश, एक क्लीनर कोळंबी आणि ढीगभर गोगलगायी.

मेपर्यंत सगळं झकास होतं. मृगाचा पाऊस लागला आणि आठवड्याभरात लेदर मिटून बसलं. अंगावर मेणासारखी साय धरलीय. स्टार पॉलिप दुपारी तासभर डोकं काढतात नि परत आत. मशरूम आक्रसून बटणाएवढे झालेत, झोआ अर्धे बंद. मासे मात्र ठणठणीत. कोळंबीने परवाच कात टाकली.

आकडे देतो. तापमान २६.५, सॅलिनिटी (खारटपणा) ३५, अमोनिया शून्य, नायट्रेट ५, फॉस्फेट ०.०५. दर पंधरवड्याला २५ लिटर पाणी बदलतो, मीठ डब्यातलं रीफ सॉल्ट. दिवे तेच, पंप तेच, खाणं तेच. मी काहीही बदललेलं नाही.

बायको म्हणते, त्यांनाही पावसाचा कंटाळा आला असेल.

---

पाणकावळा | २१ जून, रात्री ११:२०

लेदरच्या सायीची काळजी करू नका. ते कातडं टाकतंय. वरची मेणचट पापुद्री सुटून गेली की आठ-दहा दिवसांत परत फुलतं. पंपाचा झोत त्याच्यावरून हलकासा जाऊ द्या म्हणजे पापुद्री लवकर निघेल. बोटांनी खरवडू नका.

पण सगळेच एकदम मिटलेत म्हणजे गोष्ट लेदरपुरती नाही. दोन प्रश्न:

सॅलिनिटी मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर शेवटचा कधी आणि कशाने जुळवला? आरओच्या पाण्याने शून्य जुळवत असाल तर ३५ ला तो किती खोटं बोलतो ते कळत नाही. ३५ चं तयार द्रावण मिळतं, त्याने जुळवा.

दुसरं, घरात डासांसाठी फवारा मारलाय का? पावसाळा आहे म्हणून विचारतो.

---

खाजणकाठ | २२ जून, सकाळी ७:१५

फवारा नाही. आमच्याकडे मच्छरदाणीच. रिफ्रॅक्टोमीटर आरओनेच जुळवत होतो, कबूल. द्रावण मागवलंय.

---

पाणकावळा | २२ जून, सकाळी ७:४०

कोळंबी जिवंत आहे आणि कातही टाकतेय, म्हणजे तसाही फवारा किंवा तांबं यातलं काही नसणार. डासांच्या औषधाने आणि तांब्याने आधी कोळंबी जाते, मग बाकीचे. संशयितांच्या यादीतून दोन नावं कमी झाली.

---

मालवणी_खाजा | २२ जून, सकाळी ९:०५

तुझा घर खाडीर, आणि तू मीठ डब्यातला आणतंस? गजाल ऐकून हसाक इला. आमच्या दारात समुद्र असा तरी लोक मीठ इकत घेतत.

---

कच्चा_लिंबू | २२ जून, सकाळी ९:३०

मी नवीन आहे, टाकी अजून घ्यायचीय. पण खाजाभाऊंचा प्रश्न माझाही आहे. समुद्र इतका जवळ असताना विकतचं मीठ कशाला? आणि घ्यायचंच तर शिरोड्याच्या मिठागराचं खडेमीठ का नाही? स्वस्त आहे, शुद्ध आहे, शिवाय १९३० च्या सत्याग्रहाचा वारसा 😀

---

मालवणी_खाजा | २२ जून, सकाळी ९:५०

अरे बाबा, मी मस्करी करी होतंय. पावसात खाडीचा पाणी गोडा येता, किनाऱ्यार सगळा गढूळ. त्या पाण्यात माशेय रवणत नाय, तुझा कोरल काय रवतला?

---

पाणकावळा | २२ जून, सकाळी १०:३०

लिंबूराव, प्रश्न चांगला आहे, म्हणून जरा सविस्तर.

समुद्राचं पाणी वापरता येतं. मी स्वतः काही वर्षं वापरलं. पण डिसेंबर ते मार्च एवढेच महिने, आणि तेही होडीने आत जाऊन, खाडीच्या तोंडापासून लांब, भरती पूर्ण भरल्यावर. घरी आणून बंद पिंपात अंधारात दोन आठवडे ठेवायचं, मग गाळायचं. त्यातले सूक्ष्मजीव मरतात, कुजतात, अमोनिया होतो आणि बसतो, त्याला तेवढा वेळ द्यावा लागतो. जूनपासून नद्यांचं पाणी किनाऱ्याला येतं, खारटपणा घसरतो आणि सोबत शेतातलं खत, गटारं, माती सगळं येतं. मासेमारीबंदीमुळे १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत होड्या तशाही वर ओढलेल्या असतात. दोन-चार पाठीचे मणके सरकवून घेतल्यावर मी डब्यावर आलो.

मिठागराचं मीठ मात्र नाहीच. मिठागरात पाणी आटतं तेव्हा सगळे क्षार एकदम खाली बसत नाहीत. आधी चुन्याचे क्षार बसतात, मग जिप्सम, त्यानंतर आपलं खायचं मीठ. मॅग्नेशियम शेवटच्या कडवट पाण्यात राहतं आणि ते पाणी सोडून देतात. म्हणजे तुमच्या हातात येतं ते बव्हंशी सोडियम क्लोराइड. कोलंबीच्या कालवणाला उत्तम. प्रवाळाला कॅल्शियम साधारण ४२० आणि मॅग्नेशियम १३०० लागतं, ते या मिठात नाही.

---

निवळशंख | २२ जून, दुपारी १:१०

खाजणकाठ, तुमच्या आकड्यांत सगळं आहे, अल्कलिनिटी (पाण्यातला कार्बोनेटचा साठा) नाही. मुद्दाम गाळली की मोजलीच नाही?

आणि टाकीतल्या दगडांवरची जांभळी कोरलाइन (चुन्याचं कवच धरणारं शेवाळ) नीट बघा. काठाला पांढरी पडतेय का? काचेवर नाही, दगडांवर बघा.

(चिपळूणला रसायन शिकवते, म्हणून ही खोड. ९० लिटरची छोटी टाकी आहे घरी.)

---

खाजणकाठ | २२ जून, दुपारी २:००

ताई, मेच्या मध्यावर मोजली होती, ८.४ डीकेएच. मग किट संपलं आणि कुरिअर पावसात कुठेतरी अडकलंय. दोन वर्षं ८ ते ८.५ च्या बाहेर गेली नाही, म्हणून निर्धास्त होतो.

कोरलाइन... आत्ता टॉर्च मारून बघितली. हो. वरच्या दोन दगडांचे काठ पांढुरके झालेत. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

---

निवळशंख | २२ जून, दुपारी २:२५

अल्कलिनिटी वर ठेवायला काय घालता?

---

खाजणकाठ | २२ जून, दुपारी २:४०

चुन्याची निवळी. टॉप-अपच्या २० लिटरच्या कॅनमध्ये आरओच्या पाण्यात ७ ग्रॅम कॅल्शियम हायड्रॉक्साइड. प्रयोगशाळेच्या दर्जाचं आहे, पानाच्या डबीतलं नाही. सम्पला फ्लोट आहे. पाणी आटलं की तेवढी निवळी आपोआप आत जाते. मी बघायलाही जात नाही, इतकं बिनबोभाट चालतं.

---

निवळशंख | २२ जून, दुपारी २:५०

मेमध्ये टाकीवर पंखा चालू होता?

---

खाजणकाठ | २२ जून, दुपारी २:५५

दिवसरात्र. नाहीतर पाणी ३०-३१ ला जातं. पाऊस लागल्यावर बंद केला, तापमान आपसूक २६ वर आलं.

---

निवळशंख | २२ जून, दुपारी ३:००

मेमध्ये कॅन किती दिवस पुरायचा आणि आत्ताचा कधी भरलाय? उठून बघून या, अंदाजे सांगू नका.

---

खाजणकाठ | २२ जून, दुपारी ३:२०

मेमध्ये पाच दिवस.

आत्ताचा ६ जूनला भरलाय. कॅनवर मार्करने तारीख असते. तळाला चारेक लिटर अजून शिल्लक आहे. वर पांढरा पापुद्रा धरलाय.

अरे देवा.

---

निवळशंख | २२ जून, दुपारी ३:५०

सापडला चोर. बाकीच्यांसाठी हिशोब मांडते.

मेमध्ये पंख्यामुळे रोज ४ लिटर पाणी आटत होतं. लिटरला ०.३५ ग्रॅम धरलं तर रोज १.४ ग्रॅम चुना आत जात होता, म्हणजे टाकीत रोज साधारण ०.४ डीकेएचची भर. कोरलाइन, गोगलगायींचे शंख आणि प्रवाळांच्या अंगातले चुन्याचे बारीक काटे यांत तेवढीच खर्ची पडत होती. जमा-खर्च बरोबर, म्हणून किट दोन वर्षं ८.४ दाखवत राहिलं.

जूनमध्ये हवा दमट, पंखा बंद. १६ दिवसांत १६ लिटर, रोज एक. चुना एक चतुर्थांशावर आला, खर्च तेवढाच राहिला.

वर तो पापुद्रा. निवळी उघड्यावर राहिली की हवेतला कार्बन डायऑक्साइड तिच्यातला चुना धरतो आणि त्याचा खडू होतो. पाच दिवसांत संपणाऱ्या कॅनमध्ये हे फारसं जाणवत नाही. सोळा दिवसांच्या कॅनमध्ये उरलेलं पाणी बरंचसं नुसतंच पाणी असतं.

तुम्ही "काहीच बदललं नाही" म्हणालात. तुम्ही नाही बदललंत, हवेने बदललं.

आणखी एक. खिडक्या बंद असतात ना सध्या? घरात माणसं किती?

---

खाजणकाठ | २२ जून, दुपारी ४:०५

वाऱ्याने पाऊस थेट आत येतो, समुद्राकडच्या खिडक्या जूनपासून बंदच. माणसं सहा, त्यात शाळा-ऑफिस सोडलं तर सगळी हॉलमध्येच. हे कशाला?

---

निवळशंख | २२ जून, दुपारी ४:१५

बंद घरात सहा जणांचा श्वास आणि गॅसची शेगडी, म्हणजे हवेत कार्बन डायऑक्साइड वाढणार. तो पाण्यात उतरतो आणि पीएच खाली ओढतो. आधी निवळी त्याला तोंड देत होती. आता निवळीही नाही.

तपासायचं तर सोपं आहे. टाकीतलं ग्लासभर पाणी घ्या, पीएच मोजा. मग तेच पाणी व्हरांड्यात एअरस्टोन (बुडबुडे सोडणारा दगड) लावून तासभर ढवळा, परत मोजा. पीएच चढला तर दोष घरातल्या हवेचा. स्किमरची (फेसाने घाण काढणाऱ्या यंत्राची) हवेची नळी खिडकीच्या फटीतून बाहेर काढली तरी बराच फरक पडतो. फक्त नळीचं तोंड पावसापासून आडोशाला ठेवा.

---

दापोलीचा_बाव | २२ जून, संध्याकाळी ६:३०

वा निवळशंखताई. दंडवत. मी तोवर "लाइट गेली असेल" असं लिहायला बसलो होतो, खोडलं.

तरी विषय निघालाच आहे तर सांगतो, कारण पावसाळा अजून पुरता पडलाय. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर आमच्याकडे तीन आठवडे वीज नव्हती. टाकी कशी वाचली? कारच्या बॅटरीवर चालणारा छोटा १२ व्होल्टचा वेव्हमेकर (पाणी हलवणारा पंप), एवढ्यावर. माणसं सगळ्यात आधी दिव्यांची काळजी करतात, ती चूक. प्रवाळ तीन-चार दिवस अंधारात काढतात. पाणी हललं नाही तर मात्र मासे काही तासांत तोंड वर करतात. खाणं बंद ठेवलं. कॅनिस्टर फिल्टर असेल आणि तो बंद पडून तासन् तास गेले असतील, तर वीज आल्यावर तसाच सुरू करू नका. आत सडलेलं पाणी असतं, ते थेट टाकीत येतं. मी ते एकदा केलंय आणि एक क्लाउनफिश गमावलाय.

त्या वर्षी गावातल्या लोकांच्या छपरांवर पत्रे नव्हते आणि मी माशांसाठी बॅटरी चार्ज करायला शेजारच्या जनरेटरवाल्याकडे गेलो होतो. कसं वाटलं असेल विचारू नका. त्याने पैसे घेतले नाहीत.

---

कच्चा_लिंबू | २२ जून, रात्री ८:४५

शंकेखोराची अजून एक शंका. मालवणला सिंधुदुर्गाच्या आजूबाजूला प्रवाळ आहेत असं वाचलंय. ते तर दर पावसाळ्यात गढूळ, गोड्या पाण्यात राहतात. मग टाकीतल्यांचे एवढे लाड का? आणि वाहून किनाऱ्याला आलेला एखादा तुकडा टाकीत ठेवला तर तो जास्त काटक नाही का निघणार?

---

पाणकावळा | २२ जून, रात्री ९:३०

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी: नाही, हात लावू नका. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत सगळे दगडी प्रवाळ आहेत, शिवाय समुद्रपंखे, काळे प्रवाळ, फायर कोरल आणि ऑर्गन पाइप. म्हणजे वाघाच्या पंगतीत. जिवंत-मेलेला असा भेद नाही. वाहून आलेला तुकडासुद्धा घरी नेता येत नाही. समुद्रघोडे आणि समुद्रकाकड्याही संरक्षित आहेत, तेही लक्षात ठेवा. त्यातून मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासून घोषित आहे. कुणी "लोकल पीस" म्हणून काही विकत असेल तर फोन ठेवून द्या. मऊ प्रवाळ घेतानाही ते कुठून आले ते विचारा, आयातीचे असतील तर कागद बघा. सगळ्यात बरं म्हणजे खाजणकाठांसारखं दुसऱ्याच्या टाकीत वाढलेल्याचा तुकडा घेणं.

पहिल्या प्रश्नाचं: मालवणला जे टिकलेत ते पोराइट्स, टर्बिनारिया असले गाळ सोसणारे, दबकून वाढणारे गोटे. पिढ्यान् पिढ्या तिथे जे मरायचे ते मरून गेले, हे उरले. आपल्या टाकीतली मंडळी मुळात इंडोनेशियाकडच्या नितळ पाण्यातली. आणि मालवणच्यांनाही काही मजेत नाही हो. पाणी तापलं की तेही पांढरे पडतात. २०२४ च्या एप्रिलमध्ये जगभरातल्या चौथ्या मोठ्या ब्लीचिंगची घोषणा झाली, तेव्हा सगळ्या महासागरांत हेच चाललं होतं.

नितळ पाण्यातलं प्रवाळ आपल्या बाजूला बघायचं तर आंग्रिया बँक. विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत समुद्रात बुडालेलं पठार, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं. मी गेलेलो नाही. जन्मात एकदा जायचंय.

---

मालवणी_खाजा | २२ जून, रात्री ९:५०

मरीन सँक्चुरी म्हटला की आमच्या गावात अजून भांडणा होतत. तो इषय हय नको.

---

खाजणकाठ | २४ जून, रात्री ९:१०

शहरातल्या एका शौकिनाकडून किट उसनं आणलं. दोनदा मोजलं.

अल्कलिनिटी ५.९. कॅल्शियम ३९०. पीएच सकाळी ७.७५, आणि तेच पाणी व्हरांड्यात तासभर ढवळल्यावर ८.०. ताई, तुम्ही इथे बसून माझ्या घरातली हवा मोजलीत.

३५ चं द्रावण आलं. रिफ्रॅक्टोमीटर दीडने खोटा होता, खरी सॅलिनिटी ३३.५. पाणकावळा, तुमचंही खरं.

आता घाईघाईने उद्या सकाळी ८.४ वर आणू का? घरात खाण्याचा सोडा आहे.

---

निवळशंख | २४ जून, रात्री ९:२५

थांबा. घाई केलीत तर जे मिटलेत ते मरतील. त्यांना ५.९ चा त्रास आहेच, पण एका रात्रीत अडीचची उडी त्याहून वाईट. दिवसाला अर्धा डीकेएच, फार तर एक.

खाण्याचा सोडा चालेल. साधा सोडियम बायकार्बोनेट, बेकिंग पावडर नव्हे आणि इनो तर नव्हेच (हसू नका, एकाने घातलंय). १०० लिटरला ३ ग्रॅम घातला की १ डीकेएच वाढतो. तुमची टाकी २५० ची, पण दगड-वाळू वजा जाता पाणी २१० धरा. अर्धा डीकेएच म्हणजे रोज साधारण ३ ग्रॅम, आणि त्यावर रोजचा खर्च ०.४ चा, म्हणजे आणखी अडीच ग्रॅम. म्हणजे रोज साडेपाच. अर्धं सकाळी, अर्धं रात्री. आरओच्या पाण्यात पूर्ण विरघळवून, पंपाच्या झोतात, हळूहळू. पाच दिवसांत ८.४ येईल.

तुमचा पीएच कमी आहे म्हणून एक युक्ती. तोच सोडा कोरड्या कढईत किंवा ओव्हनमध्ये २०० अंशांवर तासभर भाजला की त्याचा कार्बोनेट होतो आणि तो पीएचही वर नेतो. पण त्याचं प्रमाण वेगळं, वजन कमी लागतं: १०० लिटरला १.९ ग्रॅम. कढईत भाजलात तर तो नीट भाजला गेला की नाही याचा भरवसा नसतो, म्हणून तूर्त साधाच वापरा आणि खिडकी उघडा.

निवळी सध्या थांबवा. टॉप-अपला नुसतं आरओ.

सॅलिनिटीही हळू. पुढचे काही पाणीबदल ३६ च्या पाण्याने करा, आपोआप वर येईल.

---

खाजणकाठ | २७ जून, रात्री ११:३०

आज ७.४. स्टार पॉलिप दिवसभर बाहेर होते.

आता दुसरीच कटकट. झोआंच्या मधोमध दोन-तीन एप्टेशिया (तणासारखी पसरणारी समुद्रफुलं) उगवल्यात. मरणाच्या माजतात म्हणे. तो दगड बाहेर काढून वर उकळतं पाणी ओतावं म्हणतोय. नाहीतर सरळ पातेल्यात घालून उकळवावा, झोआ त्यावर थोड्याच आहेत, बाकीच्या तीन वसाहती आहेतच.

---

पाणकावळा | २७ जून, रात्री ११:३४

अजिबात करू नका. दगड टाकीतच राहू द्या. वाचलंत की उत्तर द्या.

---

पाणकावळा | २७ जून, रात्री ११:४५

झोआ आणि त्यांच्या भाऊबंदांत, विशेषतः पॅलिथोआत, पॅलिटॉक्सिन असू शकतं. निसर्गातल्या सगळ्यात जहाल विषांपैकी एक. सगळ्यांत असतं असं नाही, पण तुमच्यात आहे की नाही हे नुसतं बघून कळत नाही. दगड उकळला की ते वाफेच्या तुषारांतून श्वासात जातं. परदेशात अख्खी कुटुंबं यामुळे इस्पितळात गेलीत. उकळणं नाही, गरम पाणी ओतणं नाही, ब्रशने खसाखसा घासणं नाही.

झोआंना हात लावताना हातमोजे आणि चष्मा. हाताला चीर असेल तर त्या दिवशी हातच घालू नका. तुकडे करायचे तर पाण्याखाली.

एप्टेशियासाठी: चुन्याचाच घट्ट लगदा करा, सुई काढलेल्या सिरिंजने तिच्या तोंडावर थोडासा टाका, पंप दहा मिनिटं बंद ठेवा. एका वेळी दोन-तीनच. तुमच्याकडे चुना आहेच.

---

खाजणकाठ | २७ जून, रात्री ११:५८

वाचलं. पातेलं परत ओट्यावर ठेवलं. हातपाय गार पडलेत. मुलगी बाजूलाच बसली होती बघायला.

आभार हा शब्द तोकडा आहे.

---

दापोलीचा_बाव | २८ जून, सकाळी ६:५०

पाणकावळ्याला रात्री साडेअकराला जाग असते हे बरं आहे. हे सगळ्यांनी वाचावं म्हणून धागा वर काढतोय.

---

चटणीभाकर | २८ जून, सकाळी ८:२०

एवढे कष्ट, एवढे पैसे, एवढं रसायनशास्त्र. त्यापेक्षा पापलेट आणा, तळा, खा. मासा बघायचाही आणि खायचाही.

---

मालवणी_खाजा | २८ जून, सकाळी ८:३५

बंदी असा रे. जूनात पापलेट खयचा? बर्फातला खातंस आणि आमका शिकयतंस!

---

खाजणकाठ | १५ जुलै, रात्री १०:००

उशीर झाला, मुलीची परीक्षा होती.

अल्कलिनिटी ८.३, कॅल्शियम ४२०, सकाळचा पीएच ७.९५. स्किमरची नळी खिडकीच्या जाळीतून बाहेर काढलीय, टोकाला प्लास्टिकच्या बाटलीचा अर्धा भाग छत्रीसारखा. आई म्हणते, घराला सलाइन लावलंय.

लेदरने परवा कातडं टाकलं. अख्खा पापुद्रा एकदम सुटला आणि पंपाच्या जाळीत अडकला, मला वाटलं प्लास्टिकची पिशवी गेली आत. काल सकाळी बघतो तर सगळे पॉलिप बाहेर, मेपेक्षाही लांब. मशरूम पूर्ववत. झोआंपैकी एक वसाहत निम्मी गेली, ती परत येईलसं वाटत नाही. कोरलाइनचे पांढरे काठ तसेच आहेत, तिला वेळ लागेल.

आता निवळीचं काय करायचं? पंखा ऑक्टोबरपर्यंत लागणार नाही.

---

निवळशंख | १५ जुलै, रात्री १०:४०

ऑक्टोबरची आठवण बरी काढलीत. तेव्हा हे उलटं होईल. आत्ता रोज एक लिटर आटतंय म्हणून कॅनमध्ये चुना चौपट केलात आणि मग ऑक्टोबरच्या उकाड्यात पंखा लावलात, तर रोज चार लिटर तीच कडक निवळी आत जाईल. पीएच उडेल आणि पाण्यात पांढरा खडू सुटून टाकीत बर्फ पडल्यासारखं होईल. त्याहून मिटलेले बरे.

म्हणून आटणारं पाणी आणि चुना यांची फारकत करा. टॉप-अपला नुसतं आरओ. चुना किंवा सोडा वेगळ्या बाटलीतून, वेगळ्या छोट्या डोसिंग पंपाने, रोज ठरलेला. मग पंखा चालो न चालो, पाऊस पडो न पडो.

आणि किट संपायच्या आधी दुसरं मागवत जा. दमट हवेत उघडी बाटली फार टिकतही नाही. मी माझी घट्ट झाकणाच्या डब्यात, तांदळाच्या पुरचुंडीबरोबर ठेवते.

---

खाजणकाठ | १६ जुलै, सकाळी ७:३०

पंप मागवला. आरओच्या कॅनवर मुलीने मोठ्या अक्षरांत लिहिलंय, "फक्त पाणी".

चुन्याचा डबा मात्र जपून ठेवावा लागतोय. आजीने दोनदा "बघू, पानाला चालतो का" म्हणून हात घातला. तिच्या डबीतला शिंपल्यांचा चुना जास्त चांगला असं तिचं मत आहे.

---

कच्चा_लिंबू | २ ऑगस्ट, दुपारी १२:१५

मंडळी, टाकी घेतली! १२० लिटर. टाकीची सायकल (पाण्यात उपयोगी जिवाणू वसवणं) सुरू केलीय, अमोनिया वर चढलाय. महिनाभर काही घालणार नाही, धागा तीनदा वाचलाय. खाजणकाठ, तुमच्या स्टार पॉलिपचा तुकडा मिळेल का? मी गुहागरला, येऊन घेऊन जाईन. येताना काय आणू सांगा.

---

पाणकावळा | २ ऑगस्ट, दुपारी १२:४०

स्टार पॉलिप मोठ्या दगडावर चिकटवू नका हं. वेगळ्या बेटावर ठेवा. नाहीतर दोन वर्षांनी "स्टार पॉलिप आवरत नाही" असा धागा काढाल.

---

खाजणकाठ | २ ऑगस्ट, रात्री ९:२०

मिळेल की. पण गणपती झाल्यावर या. टाकी आहे त्याच भिंतीला आमचा गणपती बसतो, मागच्या वर्षीपासून मखर टाकीच्या वर की टाकी मखराच्या खाली यावरून आई आणि माझं चाललंय. यंदा सुताराला बोलावलंय.

येताना खाण्याच्या सोड्याचं पाकीट आणा. घरातलं सगळं मीच संपवलं, बायकोचा ढोकळा अडलाय.